कामावरचं प्रशिक्षण: ऑनलाइन कोर्स कुठे वापरावा आणि शेजारी उभं राहून कुठे शिकवावं

कामात तीच चूक दोन-तीनदा झाली की वरून आदेश येतो, "ट्रेनिंग लावा." मग एखादा तयार कोर्स घेतला जातो, सगळ्यांना लॉगिन मिळतं, शेवटची तारीख ठरते. तारखेच्या आदल्या संध्याकाळी लोक एका खिडकीत व्हिडिओ चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत रोजचं काम उरकत असतात. सर्टिफिकेटं जमा होतात आणि पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा होते. लोकांना शिकायचं नसतं म्हणून हे घडत नाही. जे शिकायला हवं होतं ते त्या कोर्समध्ये नव्हतं, आणि जिथे ते शिकता आलं असतं तिथे कुणाला वेळ दिलेला नव्हता.

हा लेख टीम लीडर, सुपरवायझर, छोट्या संस्थेचे चालक आणि एचआरमध्ये प्रशिक्षण बघणाऱ्यांसाठी आहे. मोठं बजेट, एलएमएस (ऑनलाइन प्रशिक्षण चालवण्याचं सॉफ्टवेअर) किंवा वेगळा ट्रेनिंग विभाग नसला तरी यातलं बहुतेक सगळं करता येतं. माझी भूमिका थोडक्यात अशी: काम मुख्यतः कामाच्या जागीच शिकलं जातं. विचारून, बघून, करून, चुकून. पण या अनौपचारिक शिकण्यालाही ठरलेला वेळ आणि नेमलेला माणूस लागतो. तो दिला नाही, तर माणसं शिकतात खरी, पण जे हाताला लागेल ते शिकतात, त्यात वाईट सवयीही आल्या. ऑनलाइन कोर्स या सगळ्याची पूर्वतयारी चांगली करून देतो. त्याच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवली की निराशा होते.

या क्षेत्रात '७०-२०-१०' हे सूत्र वारंवार कानावर येतं: ७० टक्के शिकणं प्रत्यक्ष कामातून, २० टक्के दुसऱ्या माणसांकडून, १० टक्के वर्गातून. त्याचं मूळ १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने वरिष्ठ अधिकाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात आहे. महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कुठून शिकलात, असं विचारल्यावर त्या अधिकाऱ्यांना जे आठवलं त्यातून हे आकडे निघाले. पहिल्याच दिवशी यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लागू करायला काही आधार नाही. दिशा कळण्यापुरतं सूत्र ठीक आहे, त्यावरून बजेटची वाटणी करू नका.

सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ: गोदामात ट्रकमधून आलेला माल उतरवून घेणं आणि सिस्टिममध्ये त्याची आवक नोंदवणं. तुमचं काम बिलिंगचं असेल, रुग्णांच्या नोंदणीचं असेल किंवा ग्राहकांचे फोन घेण्याचं, पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: ट्रेनिंगची खरंच गरज आहे का ते बघा

समजा तक्रार अशी आहे की नोंदलेली संख्या आणि प्रत्यक्ष साठा जुळत नाही. कोर्स शोधायला बसू नका. जिथे माल उतरतो तिथे अर्धी शिफ्ट जाऊन उभे राहा आणि नुसतं बघा.

कदाचित असं दिसेल की स्कॅनरची बॅटरी दुपारपर्यंत संपते, मग लोक आकडे कागदावर लिहितात आणि संध्याकाळी आठवून भरतात. किंवा दोन वेगळ्या मालांची लेबलं लांबून सारखीच दिसतात. किंवा तीन ट्रक एकाच वेळी लागतात आणि उतरवून घ्यायला माणसं दोनच असतात. यातलं काहीही प्रशिक्षणाने सुटणार नाही. बॅटरी बदला, लेबलाचा रंग बदला, ट्रकच्या वेळा बदला.

खूण अगदी साधी आहे. स्वतःला विचारा: या माणसाला आत्ता, पुरेसा वेळ आणि नीट साधनं देऊन, हे काम बरोबर करून दाखवता येईल का? येत असेल तर त्याला काम माहीत आहे, अडचण दुसरीकडे आहे. येत नसेल तरच प्रशिक्षणाकडे वळा.

बघून झालं की तिघांशी बोला: सगळ्यात नवा माणूस, सगळ्यात जुना माणूस, आणि या कामाचं फळ ज्याच्या टेबलावर जातं तो, म्हणजे इथे हिशेब बघणारी व्यक्ती. तिसऱ्याचं बोलणं बहुतेक वेळा सगळ्यात कामाचं निघतं, कारण चूक शेवटी त्याला निस्तरावी लागते आणि ती कुठल्या वळणावर शिरते हे त्याला तोंडपाठ असतं. इतकं असूनही प्रशिक्षण ठरवताना त्याला सहसा कुणी बोलवत नाही.

शेवटी एक वाक्य लिहा. "दोन आठवड्यांनी नवा माणूस ट्रकचं दार उघडण्यापासून सिस्टिममधल्या नोंदीपर्यंतचं काम एकट्याने, संख्या न चुकवता करेल." या वाक्यात डोळ्यांनी दिसेल असंच क्रियापद हवं. 'महत्त्व समजेल', 'जाणीव निर्माण होईल' असली वाक्यं कागदावर छान दिसतात, पण ती खरी झाली का हे कुणालाच तपासता येत नाही.

पायरी २: काम फोडून कागदावर आणा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात मोलाची. ती टाळली की पुढचं सगळं ढिलं होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांसमोर मोठा पेच होता. अनुभवी कामगार सैन्यात जात होते, उत्पादन तर कैक पटींनी वाढवायचं होतं, आणि येणाऱ्या बऱ्याच लोकांनी कारखाना आतून पाहिलाही नव्हता. १९४० ते १९४५ या वर्षांत सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा उपक्रम चालवला आणि तो १६,००० हून अधिक कारखान्यांपर्यंत पोचला. कामगारांना थेट वर्गात बसवण्याऐवजी त्यांनी सुपरवायझरना शिकवायचं कसं ते शिकवलं. युद्धानंतर हीच पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांच्या कामाच्या शिस्तीत मुरली. या पद्धतीचा आग्रह असा की शिकवण्याआधी कामाचा एक पानी तक्ता करायचा. आज तो तीन रकान्यांचा असतो: काय करायचं, त्यातली मेख काय, आणि ती का.

मेख म्हणजे ज्यावर काम जमतं किंवा फसतं, ज्यामुळे इजा टळते, किंवा हातात बसलेली अशी एखादी युक्ती जिच्यामुळे काम सोपं होतं. आपल्या उदाहरणातला तक्ता साधारण असा होईल:

- सील तपासणं. मेख: तोडण्याआधी सीलचा नंबर चलनावरच्या (मालासोबत आलेल्या कागदावरच्या) नंबराशी जुळवायचा. का: एकदा तोडल्यावर वाटेत कुणी दार उघडलं होतं का, हे सिद्ध करता येत नाही.
- खोकी मोजणं. मेख: आधी मोजायचं, आकडा लिहायचा, मगच चलन बघायचं. का: चलनावर ४८ वाचलं की डोळ्यांना ४८च दिसतात.
- तुटफूट बघणं. मेख: दबलेले कोपरे, ओल, पुन्हा चिकटवलेली टेप शोधायची, काही आढळलं तर ड्रायव्हर निघण्याआधी पावतीवर लिहून त्याची सही घ्यायची. का: गाडी गेल्यावर नुकसान कुणाकडे झालं हा वाद मिटत नाही.
- नोंद करणं. मेख: माल रॅकवर लावण्याआधी स्कॅन करायचा. का: रॅकवर गेलेला पण न नोंदलेला माल सिस्टिमला दिसत नाही, आणि कुणीतरी तोच माल पुन्हा मागवतो.

दुसरी ओळ बघा. 'आधी मोजा, मग चलन बघा' हे कुठल्याही तयार कोर्समध्ये असेलच असं नाही, आणि एसओपीमध्ये (कामाच्या लेखी कार्यपद्धतीत) असलं तरी कारण दिलेलं नसतं. कारण माहीत नसलेला माणूस घाईच्या दिवशी हीच पायरी सगळ्यात आधी गाळतो. म्हणून तिसरा रकाना कधीही रिकामा सोडू नका. कारण सापडत नसेल तर ती पायरी खरंच लागते का, हेही एकदा विचारून बघा.

अडचण अशी येते की मुरलेल्या माणसाला हे सगळं सांगता येत नाही. "त्यात काय, उतरवायचं आणि नोंदवायचं," असं तो म्हणतो, आणि तो काही लपवत नसतो. वर्षानुवर्षं केल्यामुळे अर्ध्या गोष्टी हातात गेलेल्या असतात. त्याला मुलाखतीला बसवू नका. त्याच्या परवानगीने काम करताना फोनवर व्हिडिओ घ्या, नंतर दोघं मिळून बघा आणि हात जिथे थांबला तिथे व्हिडिओ थांबवा. "दादा, इथे खोकं जरा तिरकं करून पाहिलंत, ते कशासाठी?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं: "खालची टेप बघतो. वरून कुणी खोकं उघडत नाही, उघडायचं तर खालून." ही ओळ तक्त्यात गेली पाहिजे. दुसऱ्या एखाद्या जाणत्यालाही हाच व्हिडिओ दाखवा. दोघांची पद्धत वेगळी निघाली तर नव्या माणसाला शिकवण्याआधी त्यांच्यात एकमत करून घ्या, नाहीतर तो पहिल्या आठवड्यात दोन पद्धती शिकेल आणि दोन्ही अर्धवट.

पायरी ३: कोणता भाग कुठे शिकवायचा ते ठरवा

तक्ता समोर ठेवून प्रत्येक ओळीवर खूण करा. सगळ्यांसाठी सारखंच असतं आणि फारसं बदलत नाही ते ऑनलाइन: नियम, संज्ञा, सिस्टिमचे स्क्रीन, सुरक्षेची मूलभूत माहिती. हात, नजर, अंदाज किंवा समोरच्या माणसाशी बोलणं जिथे लागतं ते शेजारी उभं राहून. क्वचित लागतं पण तेव्हा अचूक लागतं, ते कुणालाच पाठ करायला लावू नका, त्याचा कागद भिंतीवर लावा. सील तुटलेलं आढळल्यावर कुणाला फोन करायचा, हे वर्षातून एकदा लागणार असेल तर ते डोक्यात कशाला कोंबायचं?

पायरी ४: ऑनलाइन भाग छोटा ठेवा, आणि तो आठवायला लावा

२०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या खुल्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १,६०,००० लोकांनी नावं नोंदवली आणि खुल्या कोर्सची लाट आली. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स व्यासपीठावरच्या कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा २०१७-१८ मध्ये कोर्स पुरा करणारे जेमतेम ३ टक्के निघाले. पैसे भरून प्रमाणपत्राच्या मार्गाने गेलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. नुसतं लॉगिन वाटून लोक शिकतील, ही आशा इथेच सोडायला हवी. दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नोकरी करणाऱ्याला बहुतेक वेळा पूर्ण कोर्सची गरजच नसते. बारा तासांच्या कोर्समधली दोन प्रकरणं त्याच्या कामाची असतील तर तेवढीच द्या आणि 'पूर्ण केला का' हा प्रश्न सोडून द्या.

कोर्स निवडताना सुरुवातीचे शब्द बघण्यापेक्षा मधलं एखादं प्रकरण उघडून बघा. त्यात शिकणाऱ्याला काही करायला सांगितलंय का? त्यातलं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे त्याच आवृत्तीचं आहे का? भाषा तुमच्या लोकांना झेपणारी आहे का? दुसऱ्या भाषेतला सुंदर कोर्स घेण्यापेक्षा आपल्या बोलीत फोनवर केलेला साधा व्हिडिओ जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

स्वतः व्हिडिओ करणार असाल तर एका व्हिडिओत एकच काम. एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे लोक तरी सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्टुडिओत महागडं चित्रण केलेल्या व्हिडिओंपेक्षा टेबलाशी बसून सहज बोललेले व्हिडिओ लोकांना जास्त धरून ठेवू शकतात. तेव्हा कॅमेरामन शोधत बसू नका. उजेड नीट असावा, आवाज स्वच्छ यावा, आणि चेहऱ्याऐवजी हात आणि स्क्रीन दिसावेत.

आता विसरण्याचा भाग. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. अर्थहीन अक्षरं पाठ केल्यावर एका दिवसाने ती पुन्हा पाठ करायला मूळ श्रमांच्या जवळजवळ दोन तृतीयांश श्रम परत घ्यावे लागत होते. कामाची माहिती अर्थहीन नसते, त्यामुळे हाच आकडा तिला लावू नका, पण सगळ्यात मोठी घसरण सुरुवातीला होते हे लक्षात ठेवा. सोमवारी शिकवलेलं बुधवारपर्यंत हाताखालून गेलं नाही तर बरंचसं गेलंच.

यावरचा उपाय पुन्हा व्हिडिओ बघणं हा नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणून मॉड्यूल संपताच घेतलेली क्विझ फसवते, तेव्हा सगळ्यांनाच सगळं येत असतं. दोन प्रश्न दुसऱ्या दिवशी, आणखी दोन एका आठवड्याने, आणखी दोन एका महिन्याने विचारा. चॅट ग्रुपवर टाकले तरी चालतील. प्रश्न असे असावेत: "खोकी ४७ मोजली, चलनावर ४८ आहेत, ड्रायव्हर घाई करतोय. काय कराल?" व्याख्या विचारू नका.

आणि ऑनलाइन शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतच द्या. 'घरी जाऊन बघा' असं म्हटलं की ज्याच्या घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे किंवा दोन तासांचा प्रवास आहे तो मागे पडतो, आणि त्याला आपण आळशी समजायला लागतो.

पायरी ५: शेजारी उभं राहून शिकवायचं ते असं

"याच्यासोबत दोन दिवस राहा, बघ तो कसं करतो," एवढं सांगितलं की आपल्याला वाटतं शॅडोइंग झालं. नवा माणूस दोन दिवस मागे उभा राहतो, त्याला सगळं सोपं वाटतं, तिसऱ्या दिवशी एकटा पडल्यावर हात थांबतात. युद्धकाळातल्या त्याच उपक्रमाने घालून दिलेला चार टप्प्यांचा क्रम अजूनही सगळ्यात भरवशाचा आहे.

पहिला टप्पा तयारीचा. माणसाला थोडं मोकळं करा, या कामातलं त्याला आधीपासून काय येतं ते विचारा, आणि हात कसे चालतात ते दिसेल अशा बाजूला उभं करा. समोर उभं राहून पाहिलं तर डावं-उजवं उलटं दिसतं. दुसऱ्या टप्प्यात तुम्ही करून दाखवायचं, तीनदा: एकदा फक्त काय करतोय ते बोलत, दुसऱ्यांदा मेख सांगत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. पहिल्याच वेळी तिन्ही सांगितलं तर काहीच धड पोचत नाही.

तिसऱ्या टप्प्यात तो करतो, तुम्ही बघता. आधी न बोलता करू द्या. मग पुन्हा करताना पायऱ्या, मेख आणि कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यात. ज्याला कारण सांगता येत नाही त्याला ते अजून कळलेलं नाही, हात कितीही सफाईने चालत असला तरी. चूक होताना दिसली तर लगेच थांबवा, पण हातातलं काम काढून घेऊ नका. चौथा टप्पा सोडून देण्याचा: त्याला एकट्याने करू द्या, अडलं तर कुणाला विचारायचं त्या एका माणसाचं नाव सांगा, पहिल्या दिवशी दोन-तीनदा डोकावा, मग हळूहळू कमी करा. या उपक्रमाची शिकवण स्पष्ट होती: माणूस शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

क्रमाबद्दलही विचार करा. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ही मुलं कापड बेतण्यापासून सुरुवात करत नव्हती. आधी बटणं लावणं आणि दुमडी घालणं, मग शिवण, आणि सगळ्यात शेवटी कापड कापणं, म्हणजे वस्त्र ज्या क्रमाने तयार होतं त्याच्या बरोबर उलट. बटण चुकलं तर उसवता येतं, कापलेलं कापड परत जुळत नाही. शिवाय तयार कपडा कसा दिसतो हे मुलाला पहिल्या दिवसापासून कळतं. आपल्या गोदामात याचा अर्थ असा की नव्या माणसाला आधी रॅकवरचा नोंदलेला माल तपासायला द्या, मग स्कॅनिंग, मग मोजणी, आणि ट्रकच्या दाराशी ड्रायव्हरकडून सही घेण्याचं काम शेवटी. तिथे चूक महाग पडते आणि नव्या माणसाला समोरच्याचा दबाव झेपत नाही.

शिकवणारा कोण असावा? सगळ्यात हुशार माणूसच असावा असं नाही. दीड-दोन वर्षांपूर्वी स्वतः हेच शिकलेला, चिडका नसलेला, आणि 'मला माहीत नाही, विचारून सांगते' असं म्हणू शकणारा कुणीही उत्तम. पण त्या दिवसांत त्या माणसाचं टार्गेट कमी करायलाच हवं. टार्गेट तेवढंच ठेवून वर नवा माणूस सोपवला की तो ओझं वाटतो, आणि नव्या माणसाला ते पहिल्या तासात कळतं. बढतीच्या वेळीही 'किती जणांना तयार केलं' याची नोंद झालीच पाहिजे. शिकवणं हे काम आहे, उपकार नव्हेत.

पायरी ६: गप्पांमधलं शिकणं टिपून ठेवा

१९८० च्या दशकात ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या मशिन-दुरुस्ती तंत्रज्ञांसोबत राहून निरीक्षणं केली. मॅन्युअल जाडजूड होती, पण अवघड बिघाड मॅन्युअलमधून सुटत नव्हते. तंत्रज्ञ नाश्त्याला, जेवायला एकत्र जमत आणि एकमेकांना मशिनचे किस्से सांगत: हा कोड दाखवत होतं, पण खरा दोष भलतीकडेच होता. वरून बघणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटला असता. ज्ञान मात्र तिथेच हातोहात जात होतं. पुढे कंपनीने युरेका नावाची यंत्रणा उभी केली, तिच्यात तंत्रज्ञच आपले उपाय लिहीत, अनुभवी तंत्रज्ञ ते तपासत आणि उपायाखाली लिहिणाऱ्याचं नाव राही.

आपल्याकडे हे छोट्या प्रमाणात सहज करता येतं. टीमचा चॅट ग्रुप असतोच, पण त्यातलं उत्तर दोन दिवसांत शुभेच्छांच्या खाली गाडलं जातं. म्हणून कामाच्या प्रश्नांसाठी वेगळा ग्रुप ठेवा आणि दर शुक्रवारी एका व्यक्तीने त्यातली नवी प्रश्नोत्तरं एका सामायिक फाइलमध्ये उतरवावीत. ही पाळी फिरती ठेवा, आणि ती नव्या माणसाला आवर्जून द्या, कारण उतरवताना तोच सगळ्यात जास्त शिकतो. उत्तराखाली देणाऱ्याचं नाव लिहा. फाइलमध्ये जाण्याआधी एका जाणत्याने ते वाचायलाच हवं, नाहीतर चुकीची पळवाटही त्याच वेगाने पसरते. अनौपचारिक शिकण्याचं कौतुक करताना हा धोका विसरला जातो. सेफ्टी गार्ड काढून काम पटकन होतं, हेही कुणीतरी कुणाला तरी चहाच्या वेळीच शिकवलेलं असतं.

काही बिघडलं, किंवा काही विशेष चांगलं झालं, की पंधरा मिनिटं उभ्या उभ्या बोला, चार प्रश्नांभोवती: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. ही पद्धत अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकापासून सरावानंतरच्या आढाव्यासाठी वापरली. त्यात एक पथ्य आहे: वरिष्ठाने सगळ्यात शेवटी बोलायचं. आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.

इथे भीतीचा प्रश्न येतो, आणि तो सगळ्यात मोठा आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त निघाली. तिथली माणसं चुका मोकळेपणाने सांगत होती, बाकीच्या ठिकाणी त्या दडवल्या जात होत्या, असा अर्थ त्यांनी लावला. तुमच्या टीममध्ये कुणीच काही विचारत नसेल तर सगळ्यांना सगळं येतं असं समजू नका. विचारणाऱ्याला "एवढंही माहीत नाही?" असं एकदा ऐकावं लागलं की तो पुढे गप्प राहतो आणि अंदाजाने काम करतो. सुपरवायझरने स्वतः ग्रुपवर प्रश्न विचारले तर फरक लवकर पडतो.

घरून काम करणाऱ्या टीममध्ये कानावर पडून शिकण्याचा मार्ग बंद झालेला असतो. शेजारच्या मॅडम चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलल्या, हे नव्या माणसाला आता ऐकूच येत नाही. त्याला मुद्दाम कॉलवर श्रोता म्हणून घ्या, आणि आठवड्यातून एखादा तास दोघांनी स्क्रीन शेअर करून आपापलं काम बोलत बोलत करावं.

पायरी ७: परिणाम कामात मोजा

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याचे चार स्तर मांडले: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामावर वागणं बदललं का, आणि संस्थेला काय फळ मिळालं. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या स्तरावर, म्हणजे फीडबॅक फॉर्मवर थांबते. मी तर म्हणेन, तो फॉर्म सोडा आणि तिसऱ्या स्तरापासून सुरुवात करा. तक्ता हातात घ्या, महिन्याने जाऊन माणसाचं काम बघा आणि मेख पाळली जातेय का त्यावर खुणा करा. वीस मिनिटं लागतात. चौथ्या स्तरासाठी पायरी १ मधलीच तक्रार मोजा: नोंद आणि साठा यांतला फरक आधी किती होता, आता किती आहे. मधल्या काळात बॅटऱ्याही बदलल्या असतील तर सगळं श्रेय प्रशिक्षणाला देऊ नका.

माणूस प्रशिक्षणात बरोबर करत होता आणि महिन्याने करत नाही, असं दिसलं तर त्याच्या वरिष्ठाकडे बघा. वर्गात 'आधी मोजा' शिकवलं आणि ट्रकच्या दाराशी सुपरवायझर "चल आटप, चलनावरचा आकडा टाक" म्हणाला, तर माणूस सुपरवायझरचंच ऐकणार.

संस्था काहीच करत नसेल तर

बऱ्याच वाचकांची हीच स्थिती असेल. तरीही हातात बरंच काही आहे. अडलेले प्रश्न त्याच दिवशी वहीत लिहा, आणि कोर्स शोधायचा तो त्या वहीतून; 'सध्या काय चालतंय' या यादीतून शोधू नका. कोर्समधला धडा ऐकला की त्याच आठवड्यात तो कामात कुठे वापरता येईल हे ठरवा, जागा सापडत नसेल तर तो धडा आत्ता सोडा. जाणत्याला विचारताना "हे कसं करायचं?" असं मोघम विचारू नका. "मी असं करून पाहिलं, इथपर्यंत आलं, पुढे अडलं" असं सांगितलं की समोरचा मनापासून वेळ देतो. एआय चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, एखादी संज्ञा समजून घ्यायला किंवा सरावाचे प्रश्न तयार करायला तो चांगला आहे. पण तुमच्या संस्थेचे नियम त्याला ठाऊक नसतात आणि तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो, म्हणून त्याचं उत्तर कामात वापरण्याआधी माणसाकडून तपासून घ्या, आणि ग्राहकांची किंवा संस्थेची माहिती त्यात टाकू नका.

सुरुवात किती मोठी करावी

एकच काम, एकच टीम, सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात निरीक्षण आणि तिघांशी बोलणं, दुसऱ्यात तक्ता आणि दोन-तीन छोटे व्हिडिओ, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्यक्ष शिकवणं, पाचव्यात प्रश्नांचा ग्रुप आणि पहिली पंधरा मिनिटांची बैठक, सहाव्यात काम बघून खुणा. त्यानंतरच दुसरं काम हाती घ्या. प्रत्येक तक्त्यावर आणि व्हिडिओवर तारीख आणि सांभाळणाऱ्याचं नाव घाला, आणि सहा महिन्यांनी तो उघडून बघा. स्क्रीन बदललाय, नियम बदललाय, असं दिसलं तर दुरुस्त करा किंवा काढून टाका. जुना व्हिडिओ तसाच राहिला तर नवा माणूस तो खरा मानून शिकतो, आणि मग त्याला ते विसरायला लावण्यात शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.